कारणाचा रकाना

सकाळी ६.००

चहाचं आधण ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं मोबाईल उघडायचा, ही सवय आता जुनी झाली. रात्री साडेअकराला ग्रुपवर निरोप पडलेला असतोच: अमुक माहिती तात्काळ सादर करावी. आमच्यात 'तात्काळ' या शब्दाची धार कधीच बोथट झालीय. 'अतितात्काळ' दिसलं तरच कुणी गॅसवरचं दूध सोडून वाचतं. आज अतितात्काळ आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरमधल्या १९६७ पूर्वीच्या नोंदींचा गोषवारा पुन्हा हवाय. आधी दिलेला कुठं गेला, असं विचारायचं नसतं.

डबा, पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, खडूची पेटी. एकतीस वर्षं याच तालुक्यात नोकरी झाली. पहिली सहा वर्षं एसटीनं, मग नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून, आता माझी स्वतःची स्कूटी.

९.१०

कराडच्या शनिवार पेठेतून कोल्हापूर नाक्यावर आलं की जानेवारीत एकच कायदा चालतो: उसाच्या ट्रॅक्टरला वाट द्या. मागं दोन-दोन ट्रेलर, ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्णा आणि ट्रेलरमधून बाहेर आलेली कांडी ओढायला टपलेली पोरं. यातली दोन माझ्या ओळखीची होती एके काळी. एक आता तोच ट्रॅक्टर चालवतो, मला बघून हॉर्न देतो.

मलकापूर मागं पडलं की पुढं काले गावाकडं रस्ता फुटतो. रोज इथून जाते, रोज काही मनात येतं असं नाही. पण शाळेच्या कपाटातलं रजिस्टर काढायचं असलं की येतं. ४ ऑक्टोबर १९१९ ला याच काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं १९२४ ला तिचं बिऱ्हाड साताऱ्याला गेलं. तिच्या बोधचिन्हातलं वडाचं झाड आणि स्वावलंबनाचं ब्रीद सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचं झालं, कराडलाही १९५४ ला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. काल्याचं नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या एका प्रश्नापुरतं उरलं.

भाऊराव त्या काळात किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडत. मला हा तपशील फार आवडतो, आणि त्याला कारण आहे. १८८२ ला हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेवलं, त्यात खेड्यातल्या शाळेचा मास्तर कसा असावा हे सांगितलंय. तो होता होईतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी वसूल होते आणि दहांतल्या नऊ गावांत शाळेची सोय नाही, हा त्यांचा राग. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मोडी आणि बाळबोध वाचायला-लिहायला शिकवा, हिशेब शिकवा, थोडी शेतीची आणि आरोग्याची माहिती द्या, हे त्यांचं मागणं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. तर फुल्यांना नांगर धरणारा मास्तर हवा होता, आणि सदतीस वर्षांनी त्याच मुलखात नांगर विकणारा माणूस मास्तर तयार करायला निघाला.

रयतची सुरुवातीची उद्दिष्टं वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी लावणं आणि गरिबांच्या मुलांना फुकट शिकवणं तर आहेच. पण त्यापुढं निरनिराळ्या जातींच्या मुलांत प्रेमभाव वाढवणं, वाईट रूढींना फाटा देणं, एकीनं राहणं, काटकसर, स्वावलंबन असं सगळं आहे. अक्षरओळखीपेक्षा माणसानं माणसाशी कसं वागावं, याचाच मजकूर जास्त. आमच्याकडं आता जे रकाने भरून मागतात त्यांत यातलं काहीच बसत नाही. प्रेमभावाची टक्केवारी काढणार कशी?

९.३५

शाळेच्या अलीकडं पडीक रानात सात कोप्या पडल्यात. बीडकडची ऊसतोडीची टोळी. दिवाळीनंतर येतात, गळीत हंगाम संपेपर्यंत असतात. आईबाप पहाटे चारलाच फडावर गेलेले. कोपीत उरतात म्हातारं माणूस असलं तर ते, आणि लेकरं. आज तिसऱ्यांदा थांबले.

साधारण नऊ वर्षांची मुलगी. कडेवर सात-आठ महिन्यांचा भाऊ, चुलीत राख, कोपीच्या तोंडाशी पाण्याची घागर. काल शाळेत येते म्हणाली होती.

"आली का न्हाईस?"

"बारक्याला कुणापाशी ठिवू?"

"घरी कितवीत होतीस?"

"तिसरीत. पण दिवाळीपस्तोरच."

नियम असा, की स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं, ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. कार्ड गावातच राहिलं म्हणे, पत्र्याच्या पेटीत. कार्ड नसलं तरी मी घेतेच. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. अडचण कार्डाची नाही, कडेवरच्या बाळाची आहे. सरकारी कागदात या बाळाला जागा नाही.

"त्याला घेऊनच ये," म्हटलं. "शाळेत स्वयंपाकाच्या मावशी बघतील."

ती माझ्या स्कूटीकडं बघत राहिली. म्हटलं, बस. तिघं गेलो. हे नियमात बसत नाही, पण माझ्या स्कूटीवर याआधी तांदळाची पोती गेलीत, निवडणुकीची पेटी गेलीय, एकदा बकरीही गेलीय.

१०.१५

कुलूप पोरांनीच उघडलेलं. किल्ली शेजारच्या घरी असते. दोन खोल्या, एक व्हरांडा, मुतारी, शेगडीची खोली. पट तेवीस. शिक्षक दोन, पैकी एक सर आज प्रशिक्षणाला. पट वीसच्या खाली गेला की दुसरं पद राहील का, ही टांगती तलवार. म्हणून वाडीतल्या कुणाच्या घरी पाळणा हलला की आम्हा दोघांना खुद्द आजीपेक्षा जास्त आनंद होतो.

शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची, असं जुनी माणसं सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या किती तरी शाळांची कुळकथा अशीच. १९३५ ला साताऱ्यात रयतनं मास्तर घडवायला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. नाव इंग्लंडच्या राजाच्या रौप्यमहोत्सवाचं आणि विद्यार्थी कुणब्याधनगरांची, महारामांगांची पोरं. त्या दशकाच्या अखेरीपासून व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. जिथं सरकारची शाळा पोचत नव्हती त्या वाड्यावस्त्यांवर गावानं जागा द्यायची, रयतनं मास्तर द्यायचा, सरकारचं थोडं अनुदान. देऊळ, चावडी, कुणाचा गोठा, जे मिळेल ते. अशा शाळा शेकड्यांनी झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाकडं गेल्या आणि १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर परिषदेच्या झाल्या. म्हणजे पाटीवर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' असलं, तरी खालचा रंग खरवडला तर वेगळीच नावं निघतील. इमारतीचं तसंच: मागची भिंत दगडाची, पुढची विटांची, व्हरांड्याचा पत्रा मागच्या पावसाळ्यातला.

१०.३०

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. पाहुणी मुलगी शेवटी उभी, बाळ कडेवर. प्रतिज्ञा तिला आमच्या पोरांपेक्षा चांगली पाठ. कडेवर मूल असल्यामुळं हात पुढं करता येईना, तर बाळाचाच हात धरून पुढं केला. दुसरीतली दोघं हसली. मी हसू दिलं.

११.००

चार इयत्ता, एक बाई. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. आम्ही 'चार चुलींवर चार भाकरी' म्हणतो. पहिलीला फरशीवर सोडलं. फरशीवर अक्षरांच्या उड्या, अंकांचा साप, ऑईलपेंटनं काढलेला. ही सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटाची कृपा. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाचे ते वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून येत होते. आम्हीही गेलो होतो. तिथं मुलं स्वतः बोलत होती, चुकत होती, एकमेकांना शिकवत होती आणि बाई गप्प होत्या. परत येऊन पुष्कळांनी फक्त रंग उचलला. फरशा रंगल्या, बाई बोलतच राहिल्या. मीही बोलतच राहिले काही वर्षं. गप्प बसायला शिकणं अवघड असतं.

तिसरीला हातच्याची वजाबाकी. नवी मुलगी पाटीवर झरझर मांडते, पण उत्तर लिहीत नाही, तोंडानं सांगते. विचारलं, लिहीत का नाहीस? म्हणाली, "मुकादमाकडं तोंडीच असतं." तिचे वडील तिलाच विचारतात म्हणे, आज किती टन झाला, उचलीतले किती फिटले. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात अख्ख्या कोपीची खतावणी. फुल्यांनी हिशेब शिकवा म्हणून सांगितलं होतं, ते कशासाठी, हे त्या पाटीकडं बघून कळलं. सावकाराला फसू नये म्हणून.

मग मी तिला उत्तरं लिहायला लावली. तोंडचा हिशेब मुकादम नाकबूल करील, लिहिलेला करायला जड जातं.

१.१०

हजर एकवीस आणि नवी एक, बावीस. दर मुलामागं शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे दोन किलो दोनशे, डाळ वीस ग्रॅमप्रमाणे चारशे चाळीस ग्रॅम. हा हिशेब माझ्या बोटांवर आहे. आज मटकी. मावशींनी फोडणी टाकली की चौथीच्या वर्गातलं लक्ष संपतं, त्यानंतर शिकवण्यात अर्थ नसतो. बाळ मावशींच्या मांडीवर, मऊ भात चाखतंय. त्याची नोंद कुठंच होणार नाही. ते मावशींच्या वाट्यातलं खातंय.

१९९५ च्या पंधरा ऑगस्टला ही पोषण आहाराची योजना आली तेव्हा मी नवीन होते. तेव्हा शिजवलेलं नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. पोरं पिशव्या घेऊन रांगेत. तांदूळ घरी गेला की तो घरचा होतो, कोण कुणाशेजारी बसून खातो हा प्रश्नच येत नाही. शिजायला लागल्यावर तो प्रश्न आला. पहिल्या वर्षी एका आईनं पोराच्या दप्तरात वेगळं ताट दिलं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणी नाही. मी ते ताट घेतलं, घासलं आणि त्यात स्वतः जेवायला बसले. पोरगं शाळेचं ताट घेऊन ओळीत बसलं. दुसऱ्या दिवशी घरून ताट आलं नाही. एवढंच.

साताऱ्यातल्या भाऊरावांच्या बोर्डिंगात १९२४ पासून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत, आपलं दळण-कांडण आणि शेतातलं काम स्वतः करत. गांधीजी १९२७ ला तिथं आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. ते चालवायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट इकडं घरोघर सांगतात. गोष्ट सांगताना सगळ्यांचे डोळे पाणावतात. पंगतीची गोष्ट मात्र त्यामानानं कमी सांगितली जाते, आणि खरं अवघड काम ते होतं.

२.३०

दारात एक आबा, सत्तरीकडं झुकलेले, सोबत कॉलेजातला नातू.

"बाई, आमच्या वडलांची नोंद बघायची हुती. व्हॅलिडिटीला लागतीय पोराच्या."

२०२३ पासून हे चालू आहे. मराठा समाजातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या शाळांतली कपाटं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. जे रजिस्टर वर्षानुवर्षं कुणी बघत नव्हतं, ते बघायला माणसं कामधंदा सोडून येऊ लागली. त्यांची गरज खरी आहे, नातवाचं पुढचं वर्ष त्यावर अडलेलं असतं. त्यांना नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण सगळ्यांचं बोट एकाच रकान्यावर जातं. ज्या शाळा जातीजातींत प्रेमभाव वाढावा म्हणून निघाल्या, त्यांच्या दप्तरात आज सगळ्यात मोलाचा रकाना कुठला ठरला, तर जातीचा.

रजिस्टर नंबर एक. कापडी बांधणी, कडा वाळवीनं खाल्लेल्या, काळी शाई तपकिरी झालेली. पहिली शाबूत नोंद १९४१ ची. रकाने आडवे दोन पानांवर पसरलेले: अनुक्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. मास्तरांचा हात मोडीत बसलेला; बाळबोध लिहितानाही अक्षरं एकमेकांत पाय अडकवतात. अभ्यास 'साधारण', वर्तणूक 'बरी'. चांगली म्हणून कुणाचीच नाही. त्या मास्तरांचा हात आखडता होता.

नोंद सापडली. दाखल १९४३, इयत्ता पहिली. नातवानं मोबाईल पुढं केला, जातीच्या रकान्याचा फोटो काढला, आणि त्याचा चेहरा पडला. हवं होतं ते नव्हतं. पोरगं बाहेर जाऊन गाडीवर बसलं. आबा बसूनच राहिले.

"आनि काय लिवलंय त्यात?"

मी वाचलं. दुसरीतून नाव कमी. तारीख १९४५ ची. कारण: गुरे राखणेस सबब.

"न्हाय बाई. आमचं म्हातारं सांगायचं, मास्तर लई मारायचा म्हनून शाळा सोडली."

"इथं गुरं राखणेस आहे."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी आज्यानंच काढला की." आणि थोड्या वेळानं, "मास्तराला उगंच शिव्या घातल्या जल्मभर."

ते गेल्यावर गोषवारा करायचा सोडून मी तो दुसराच रकाना वाचत बसले. सगळे जातीचा वाचतात, मला कारणाचा लागतो. गुरे राखणेस. मुंबईस गेला. बाप मयत. सतत गैरहजर. गाव सोडून गेले. मुलींची पानं कमी, पण कारणं ठरलेली: लग्न झाले सबब, आणि एके ठिकाणी, घरी मूल सांभाळणेस. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर तो या एका बोटभर रुंदीच्या रकान्यात लिहून ठेवलेला आहे.

कायद्यांच्या तारखा त्याच्याशेजारी ठेवून बघा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ ला सगळ्या राज्यात सक्ती केली. १९११ ला गोखल्यांनी तसं विधेयक कलकत्त्यात मांडलं, ते पडलं. वारणेपलीकडं कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. वारणेच्या अलीकडं, आमच्या ब्रिटिश मुलखात, दंड नव्हता आणि शाळाही मोजक्याच होत्या. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला १९४७ ला. आबांच्या वडिलांनी गुरांमागं जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आणि शाहू महाराजांच्या त्या रुपयाबद्दल एक सांगते. दंडाला लोक जुलूम म्हणतात, पण गुराख्याची महिन्याची मजुरी बुडते ती बापाला दिसते, शाळा बुडते ती दिसत नाही. रुपयानं ती दिसायला लागली असणार. आज कायदा दंड लावत नाही, नाव कमी करायलाही परवानगी देत नाही. पोरगं पटावर राहतं आणि फडावर असतं. रकाना कोरा दिसतो एवढंच.

४.१५

मैदानावर लंगडी. पहिलीची पोरं व्हरांड्यात पेंगलेली. मी खुर्ची दाराशी ओढून मोबाईलवर माहिती भरते. रेंज तिथंच येते. गोषवारा पाठवला. एकूण नोंदी इतक्या, पैकी आढळलेल्या इतक्या. कारणाच्या रकान्याचा गोषवारा कुणी मागितलेला नाही.

५.००

आई न्यायला आली. अंगावर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. आधी बाळ घेतलं, पदराखाली धरलं, मग बोलली.

"बाई, उद्या नाय यायची ती. उद्या फड लांब हाय, लेकरू संगं न्यावं लागतंय."

"लेकरू इथं राहू दे. आज राहिलं की."

"दूध कोन पाजील?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मावशी शेगडीच्या खोलीतून म्हणाल्या, दुपारी फड जवळ असला तर तुम्हीच या पाजायला, नसला तर आमची गाय आहे. आई काही बोलली नाही. मुलगी पाटी पोटाशी धरून उभी. पाटी शाळेची होती, मी परत मागितली नाही.

चालू रजिस्टरात तिचं नाव मी आजच घातलंय. कारणाचा रकाना रिकामा आहे आणि उद्या सकाळी साडेनऊला मी पुन्हा कोपीवर थांबणार आहे.

तुम्हालाही कधी आपल्या गावच्या शाळेत जुन्या नोंदीसाठी जावं लागेल. दुपारी अडीचनंतर या, खिचडी आटोपलेली असते. आजोबांचं दाखल साल साधारण माहीत असलं तर शोधायला सोपं जातं. जातीच्या रकान्याचा फोटो काढून झाला की नजर उजवीकडं नेऊन शेवटून दुसरा रकानाही वाचा. आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. कागद ऐंशी वर्षांचा आहे.